हवेचें खातें

शहाद्याहून तोरणमाळास जाणारा रस्ता म्हसावदवरून पुढें राणीपुराकडे जातो. गांवाच्या अलीकडे काळीभोर सपाट जमीन असून तींत ऊंस, कापूस, केळी, पपई अशीं पिकें उभीं असतात. गांव मागें पडलें, कीं थोड्याच वेळांत सातपुड्याचे चढ लागतात, शेतें लहान व दगडाळ होऊं लागतात आणि साग, मोह, अंजन ह्या वृक्षांचें राज्य सुरू होतें. ह्या रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या मनुष्यास आम्हीं विचारलें, कीं हा पुरुषभर ऊंस कशाचा झाला आहे आणि तो डोंगरावरील साग कशावर वाढला आहे, तर तो खालच्या मातीकडे बोट दाखवील व फार तर पाटाच्या पाण्याचें नांव घेईल. त्याचें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि ह्यांत त्यास हंसण्याचें कारण नाहीं, कारण मोठमोठ्या पंडितांचें उत्तरहि शतकानुशतकें हेंच होतें.

उसाचें किंवा सागाचें सर्व पाणी आटवून उरलेला कोरडा भाग तोलला, तर त्याच्या शंभर भागांत सुमारें ४५ भाग कर्ब असतो. आणि हा कर्ब मातींतून आलेला नसून सगळाच्या सगळा हवेंतून आलेला असतो. तेंच लांकूड जाळून जी राख उरते, तीच काय ती मातीची देणगी. आणि ती शंभरांत दोन-चार भागांपलीकडे क्वचितच जाते. म्हणजे ज्या वृक्षास आपण भूमीचा पुत्र म्हणतों, तो बव्हंशीं हवेचा व पाण्याचा आहे. इतकी मोठी रक्कम हिशेबांतून इतकीं शतकें सुटली कशी, ती पुढें कोणीं व कोणत्या मार्गानें शोधून काढली, आणि हा शोध लागूनहि आपल्या नित्याच्या व्यवहारांत हवेचें खातें अजून कसें कोरें राहतें, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्या भाषेंत वृक्षाला 'पादप' असा एक सुंदर शब्द आहे. पायांनीं पितो तो पादप. महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु व भरद्वाज ह्यांचा जो संवाद आहे, त्यांत वृक्षांना जीव आहे कीं नाहीं ह्याची चर्चा आली आहे. आणि कमळाच्या देठांतून तोंडानें पाणी वर ओढावें, त्याप्रमाणें वृक्ष वायूच्या साहाय्यानें मुळांनीं पाणी पितो, असा दृष्टांत तेथें दिला आहे. निरीक्षण मार्मिक आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु येथें वायु हा पाणी ओढणारा साहाय्यक आहे, तो स्वतः अन्न नाहीं. तिकडे ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलचें मतहि ह्याच धर्तीचें होतें. जनावराचें अन्न जसें पोटांत पचतें, तसें झाडाचें अन्न जमिनींतच पचून तयार होतें व मुळें तें नुसतें शोषून घेतात, असें तो मानी. दोन दूरच्या देशांतील विचारवंतांनीं एकच वाट धरली, ह्याचें कारण उघड आहे. माती दिसते, पाणी दिसतें, मूळ मातींत शिरलेलें दिसतें. हवा मात्र दिसत नाहीं. हिशेब लिहिणारा दिसेल तेवढेंच लिहितो.

हा प्रश्न प्रत्यक्ष तराजूंत घालून पाहण्याचें पहिलें मोठें श्रेय ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्माँट ह्यास दिलें पाहिजे. त्यानें भट्टींत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडींत भरली व तींत पांच पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें. पांच वर्षें तो त्यास पावसाचें पाणी घालीत राहिला. शेवटीं झाड उपटून तोललें, तों तें १६९ पौंडांहून किंचित् अधिक भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली, तों तींत अवघी दोन औंसांची तूट आली. त्यावरून त्यानें निर्णय केला, कीं सगळें झाड केवळ पाण्यापासून झालें. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं छापला गेला. प्रयोग उत्तम, तोलहि चोख; अनुमान मात्र अर्धें चुकलें. आणि ह्यांतील दैवदुर्विलास असा, कीं 'गॅस' हा शब्द ज्यानें जगास दिला तो हाच पुरुष होय. कोळसा जळतांना जो वायु निघतो, त्यास वेगळा ओळखून नांव देणाराहि हाच. म्हणजे ज्या वायूनें त्याच्या कुंडींतील झाड घडलें, त्याची ओळख त्याला होती. परंतु ती ओळख आपल्या झाडाच्या हिशेबांत मांडण्याचें त्यास सुचलें नाहीं.

पुढें १७२७ सालीं स्टीफन हेल्स ह्या इंग्रज पाद्र्यानें पानें हवेंतून कांहीं अंश घेत असावींत अशी शंका प्रकट केली. परंतु खरा धागा हाताशीं आला तो जोसेफ प्रीस्टलेच्या. १७७१ च्या ऑगस्टच्या १७ तारखेस त्यानें एका बंद भांड्यांतील हवेंत मेणबत्ती विझेपर्यंत जळूं दिली व त्या निरुपयोगी हवेंत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. दहा दिवसांनीं, २७ तारखेस, त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती सुखानें जळली. जळणारी ज्योत व श्वास घेणारा उंदीर जी हवा बिघडवितात, ती हिरवी वनस्पति सुधारते, हें ह्या साध्या प्रयोगानें दिसून आलें. तथापि तोच प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. आणि असें कां होतें, हें प्रीस्टलेला उमगलें नाहीं.

तें कोडें यान इंगेनहौस ह्या डच वैद्यानें १७७९ च्या उन्हाळ्यांत पांचशेंहून अधिक प्रयोग करून सोडविलें. त्यानें दाखविलें, कीं हवा शुद्ध करण्याचें काम वनस्पतीचीं हिरवीं अंगेंच करतात व तींहि केवळ सूर्यप्रकाशांत. अंधारांत सर्व वनस्पति, आणि मुळें व फुलें तर दिवसाहि, आपल्यासारखींच हवा बिघडवितात. येथें एका लोकप्रिय समजुतीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. पिंपळ अहोरात्र प्राणवायु सोडतो, असें आजहि सुशिक्षित घरांत सांगितलें जातें. प्रकाशावांचून कोणतेंहि झाड प्राणवायु निर्माण करीत नाहीं, पिंपळहि नाहीं. उलट, रात्रीं झाडाखालीं निजल्यास जीव गुदमरतो ही जी दुसरी समजूत आहे, तीहि निराधार आहे; खोलींतल्या कुंडीपेक्षां शेजारीं निजलेला मनुष्य किती तरी अधिक हवा बिघडवीत असतो. पिंपळाचा आदर करावयास दुसरीं पुष्कळ कारणें आहेत. त्यासाठीं इंगेनहौसचें अडीचशें वर्षांपूर्वींचें काम पुसून टाकण्याचें प्रयोजन नाहीं.

इंगेनहौसनंतर जिनीव्हाच्या दोघा विद्वानांनीं हिशेब पुरा केला. सेनेबिए ह्यानें १७८२ सालीं दाखविलें, कीं प्रकाशांत पानें प्राणवायु सोडतात, ती हवेंतील कर्बद्विप्राणिदाच्या, म्हणजे आजच्या शाळांतील कार्बन डायऑक्साइडच्या, जिवावर. द सोस्यूर ह्यानें १८०४ सालीं तराजू हातीं घेऊन सिद्ध केलें, कीं झाडाच्या वजनांत पडणारी भर नुसत्या कर्बानें पुरी होत नाहीं. पाण्याचाहि अंश झाडाच्या देहांत बांधला जातो, आणि क्षार तेवढे मुळांवाटे येतात. अशा रीतीनें हवा, पाणी व माती ह्या तिन्ही रकमा प्रथमच एका पानावर आल्या. पान सोडतें तो प्राणवायु कर्बद्विप्राणिदांतला नसून पाण्यांतला असतो, हा बारकावा मात्र १९४१ सालापर्यंत कळावयाचा होता. तो रूबेन व केमेन ह्यांनीं जड प्राणवायूचा उपयोग करून दाखविला.

वनस्पतीचा हिशेब असा जुळत असतांनाच प्राण्यांच्या श्वासाचेंहि कोडें सुटत होतें. हार्वेनें १६२८ सालीं रक्ताचें अभिसरण सिद्ध केलें. माल्पीगी ह्यानें १६६१ सालीं बेडकाच्या फुप्फुसांत केशवाहिन्या पाहिल्या. तथापि श्वास कशासाठीं, ह्याचें जुनें उत्तर 'हृदय थंड ठेवण्यासाठीं' असें होतें, आणि सत्य नेमकें ह्याच्या उलट निघालें. लाव्हाझिए व लाप्लास ह्यांनीं १७८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गिनीपिगास बर्फानें वेढलेल्या पेटींत ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें. आणि तेवढाच कर्बद्विप्राणिद बाहेर टाकणारा कोळसा जाळून त्यानें किती वितळतें, तेंहि ताडून पाहिलें. दोन्ही आंकडे पुष्कळसे जुळले. श्वास म्हणजे मंद ज्वलन होय, अन्न हें त्यांतील सरपण होय, हें त्या दिवसापासून शास्त्रांत रूढ झालें. ज्यानें हें जगास शिकविलें, त्या लाव्हाझिएचा १७९४ च्या मे महिन्यांत राज्यक्रांतीच्या धामधुमींत शिरच्छेद झाला. मराठींत रसायनशास्त्र आणणाऱ्या एकोणिसाव्या शतकांतील लेखकांनीं ऑक्सिजनास 'प्राणवायु' म्हटलें, तें ह्या दृष्टीनें किती यथार्थ आहे! मूळ युरोपीय शब्दाचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' असा असून तो चुकीचा ठरला. आपला शब्द मात्र टिकला.

आतां म्हसावदच्या उसाकडे पुन्हां वळूं. पानाच्या पाठीवर जीं सूक्ष्म रंध्रें असतात, तीं झाडाचीं दारें होत. दार उघडलें तर कर्बद्विप्राणिद आंत येतो, पण त्याच दारानें पाण्याची वाफ बाहेर जाते. दार लावलें तर पाणी वांचतें, पण अन्न बंद पडतें. खानदेशच्या वैशाखांत हा पेंच जीवघेणा होतो. ऊंस, ज्वारी, बाजरी व मका ह्या वनस्पतींनीं त्यावर एक युक्ति योजिली आहे. हवेंतील विरळ कर्बद्विप्राणिद त्या आधीं एका तऱ्हेच्या पेशींत पकडून सांठवितात व मग आंतल्या पेशींत नेऊन त्याची साखर बनवितात. त्यामुळें अर्धवट उघड्या दारांनींहि त्यांचें भागतें. ही युक्ति प्रथम उसाच्याच पानांत सांपडली. हवाई बेटांतील कोर्टशाक व त्याचे सहकारी ह्यांनीं १९६५ सालीं आणि ऑस्ट्रेलियांतील हॅच व स्लॅक ह्यांनीं १९६६ सालीं तिचे वृत्तांत प्रसिद्ध केले. ज्वारी कोरडवाहूला कां तग धरते, हें आपल्या शेतकऱ्यास अनुभवानें ठाऊक होतें. कारण मात्र हवेच्या खात्यांत लपलेलें होतें.

हेंच नत्राविषयीं झालें. हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्रवायु आहे. तरीहि पीक नत्रावांचून उपाशी राहतें, कारण हा वायु जसाचा तसा त्यास पचत नाहीं. तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड पुढल्या पिकास मानवतो, हें आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या जाणत आले आहेत. ह्याचें कारण हेलरीगेल व विल्फार्थ ह्या जर्मनांनीं १८८६ ते १८८८ ह्या काळांत उघड केलें. द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र पिकाच्या उपयोगीं पडेल अशा रूपांत आणतात. पुढें हाबर व बॉश ह्यांनीं तीच गोष्ट भट्टींत साधली व १९१३ सालापासून तिचा कारखाना चालूं लागला. आज शेतांत पडणारा युरिया हा तिचाच वंशज. म्हणजे ज्यास आपण जमिनीचें खत म्हणतों, तेंहि मुळांत हवेचेंच देणें आहे.

परंतु हवेवर जगण्याची कला हिरव्या पानाचीच. जनावर असो कीं मनुष्य, त्यास दुसऱ्यानें बांधून ठेवलेलें अन्नच खाल्लें पाहिजे. आणि तें अन्न जमिनीवर उगवतें, व जमिनीला मालक असतो. ह्याच शहादें तालुक्यांत १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागें भिल्ल शेतमजूर आपल्या गमावलेल्या जमिनींसाठीं एकत्र झाले, तेव्हां त्या चळवळीच्या मुळाशीं भूक होती. ती मिटविण्याचें सामर्थ्य वनस्पतिशास्त्रांत नाहीं. एवढेंच म्हणतां येईल, कीं सूर्य व वारा हे कोणाचीहि जात न पाहतां अन्न बनवितात. वांटणी मात्र माणसें करतात.

आणि अन्न मिळालें म्हणजे तरी सर्व झालें काय? नंदुरबार जिल्ह्यांतील बालकांच्या कुपोषणाची चर्चा आज कित्येक वर्षें चालू आहे. ती करतांना आपण सरपणाचा विचार करतों. पण सरपणाला वारा लागतो आणि तो वारा शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचविण्यास वाहक लागतो, हें विसरतों. तो वाहक म्हणजे रक्तांतील हिमोग्लोबिन हें लाल द्रव्य. पानांतील हरितद्रव्य व रक्तांतील हें लाल द्रव्य ह्यांच्या गाभ्याची घडण जवळच्या नात्याची आहे. एकाच्या मध्यभागीं मॅग्नेशियम असतें, दुसऱ्याच्या लोह. भिल्ल व पावरा समाजांतील कित्येक कुटुंबांत ह्या लाल द्रव्यांत एक जन्मजात दोष आढळतो. प्राणवायु कमी झाला, कीं त्याचे कण एकमेकांस चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात आणि बारीक वाहिन्या अडवून असह्य वेदना उत्पन्न करतात. हाच सिकलसेल नांवाचा विकार.

त्याचा इतिहासहि लक्षांत घेण्याजोगा आहे. शिकागोच्या हेरिक ह्या वैद्यानें १९१० सालीं ह्या वांकड्या पेशींचें वर्णन छापलें. लिनस पॉलिंग व त्याचे सहकारी ह्यांनीं १९४९ सालीं दाखविलें, कीं दोष पेशींत नसून तींतील हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे. इनग्रॅम ह्यानें पुढच्या दशकांत तो दोष एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीपर्यंत नेऊन भिडविला. हिंदुस्थानांत ह्या विकाराचे पहिले वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील एक निलगिरींतील आदिवासींविषयीं होता. आई व बाप दोघेहि नुसते वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. विवाहापूर्वीं थेंबभर रक्त तपासून हें कळूं शकतें; म्हणून १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें चाळीस वर्षांच्या आंतील सात कोटि लोकांची तपासणी योजिली आहे. जें मूल धांवतांना थांबतें, वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडतें, तें केवळ अर्धपोटीं आहे असें मानून त्याच्या ताटांत भात वाढणें हें चांगलेंच. पण त्याच्या रक्ताची चौकशी न करणें म्हणजे व्हॅन हेल्माँटप्रमाणें एक रक्कम हिशेबाबाहेर ठेवणें होय. मुख्य फरक असा, कीं त्याच्या चुकीनें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं; आपल्या चुकीचा भुर्दंड त्या मुलास सोसावा लागतो.

हवेचें खातें कोरें ठेवण्याचा परिणाम साऱ्या देशानें २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पाहिला. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत मोठमोठ्या राजधान्यांत रोग्यांचे आप्त प्राणवायूची नळकांडीं शोधीत वणवण फिरले. जी वस्तु फुकट व अमर्याद म्हणून कोणीं कधीं मोजली नव्हती, तिला एकाएकीं भाव आला. त्या वेळीं आमच्या ह्या आडबाजूच्या समजल्या जाणाऱ्या नंदुरबार जिल्ह्याचें नांव वृत्तपत्रांत वेगळ्या कारणानें झळकलें. तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर. साक्री तालुक्यांतील सामोडें येथील भिल्ल कुटुंबांत ते जन्मले. पहिली लाट ओसरण्याची वाट न पाहतां त्यांनीं २०२० च्या सप्टेंबरांत मिनिटास ६०० लिटर प्राणवायु देणारें यंत्र जिल्ह्यांत उभारलें व दुसऱ्या लाटेपूर्वीं त्यांत भर घातली. हें यंत्र प्राणवायु निर्माण करीत नाहीं. तें हवा दाबून झिओलाइट नांवाच्या खनिजावरून नेतें. त्या खनिजास नत्रवायु चिकटून राहतो व प्राणवायु पुढें सुटतो. तो प्राणवायु कोठल्या तरी पानानें, कोठल्या तरी समुद्रांतील शेवाळानें, कधीं तरी पूर्वीं सोडलेलाच असतो. ज्या अधिकाऱ्यानें संकट दारीं येण्यापूर्वीं हवा मोजली, त्याच्या जिल्ह्यांतील रोग्यांस ती मिळाली, एवढा बोध त्यापासून घेण्यास हरकत नाहीं.

प्रीस्टलेच्या काळीं हवेच्या दहा लाख भागांत सुमारें २८० भाग कर्बद्विप्राणिद होता; आज तो ४२० च्या वर गेला आहे. जुन्या जीवसृष्टीनें युगानुयुगें पुरून ठेवलेलें कोळशाचें व तेलाचें भांडवल आपण दोन शतकांत जाळलें, त्याची ही नोंद आहे. तेव्हां म्हसावदच्या रस्त्यावर कोणीं आपणांस विचारलें, कीं हा ऊंस व तो साग कशाचा झाला, तर मातीकडे व पाण्याकडे बोट दाखवून झाल्यावर क्षणभर वरहि पाहावें. जेवतांना आपण अन्नास पूर्णब्रह्म म्हणतों व श्वासास प्राण म्हणतों, पण हीं दोन्ही एकाच वहींतील दोन पानें आहेत, हें क्वचितच आठवतों. सातपुड्याच्या पायथ्याशीं ज्या घरांतील मूल धांपा टाकीत बसलें आहे, त्या घरीं तरी हीं दोन्ही पानें एकत्र उघडून पाहिलीं गेलीं पाहिजेत.